वाड्यावरचीं मुलें

सुगी आटोपून शेतें मोकळीं झालीं, म्हणजे आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या बांधावर एक ओळखीचा माणूस येऊन उभा राहतो. डोक्यास तांबडें पागोटें, खांद्यावर काळी घोंगडी, हातांत काठी. "पाटील, मेंढरं बसवायची का?" एवढाच त्याचा प्रश्न असतो. मग शेत किती, मेंढरें किती, रात्री किती, शेंकड्यामागें पैसे किती व धान्य किती, याची घासाघीस होते. आणि दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं चार-पांचशें मेंढरें आपल्या शेतांत येऊन बसतात. तीन-चार रात्रींनीं तीं उठून जातात. शेतकऱ्याच्या वहींत हा व्यवहार तेथेंच संपतो.

परंतु मेंढरांबरोबर आणखी एक गोष्ट आपल्या शेतांत उतरलेली असते, आणि तिचा हिशेब आपण सहसा मांडीत नाहीं. ती म्हणजे एक सबंध संसार. बांधाच्या कडेला बाभळीच्या सावलींत दोन-चार पालें उभीं राहतात. तीन दगडांची चूल पेटते. एखादी म्हातारी तान्हें मूल मांडीवर घेऊन बसते. आणि सात-आठ वर्षांचीं पोरें कोंकरांमागें धांवूं लागतात. यालाच धनगर 'वाडा' म्हणतात. आपल्या वाड्याला दगडी जोतें असतें व तो पिढ्यान्‌पिढ्या एका जागीं उभा असतो. धनगराचा वाडा उभारावा आणि मोडावा लागतो. मेंढ्यांच्या खताविषयीं शेतकी मासिकांतून पुष्कळ लिहिलें गेलें आहे. या लेखांत त्या उठत्या वाड्यांतील माणसांविषयीं, विशेषतः मुलांविषयीं, लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. आणि त्यांच्या बाबतींत आपणां शेतकऱ्यांच्या हातीं काय आहे, तेंही शेवटीं सांगणार आहों.

हा प्रवास हौसेचा नव्हे. तो पावसानें ठरविलेला आहे. फलटण, माण, खटाव, पारनेर, संगमनेर, सिन्नर हे तालुके बहुतांशीं सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत येतात. मृगाच्या सरी पडल्या म्हणजे तेथील माळांवर गवत उगवतें आणि सुमारें चार महिने मेंढरांचें पोट भरतें. दिवाळीच्या सुमारास गवत सरतें, ओढे आटूं लागतात, आणि कळप हलवावाच लागतो. कोणी पूर्वेस भीमा-गोदावरीच्या काळ्या रानांकडे वळतात. कोणी घाट उतरून कोंकणांत जातात. तेथें भाताची कापणी होऊन खाचरें मोकळीं झालेलीं असतात व शेतकऱ्यास खत हवें असतें. वैशाख सरत आला कीं परतीची वाट धरावी लागते. कारण कोंकणच्या पावसांत दख्खनी मेंढरूं टिकत नाहीं. त्याचे खूर कुजतात व भिजलेली लोकर अंगावर वाळत नाहीं. अशा रीतीनें चार-पांच महिने घर आणि सात-आठ महिने वाट, अशी या कुटुंबांच्या वर्षाची वांटणी असते.

वाटेवरचा दिवस पहाटे, आकाशांत चांदण्या असतांनाच, सुरू होतो. बायका प्रथम चूल पेटवितात व दिवसभराच्या भाकऱ्या एकदांच भाजून घेतात. कारण पुढील मुक्कामीं सरपण व पाणी केव्हां मिळेल याचा भरंवसा नसतो. उजाडतां उजाडतां पालें उतरतात. धान्याचीं पोतीं, भांडीं, घोंगड्या, पाण्याचे हंडे, कोंकरांभोंवतीं लावावयाची 'वाघर' नांवाची जाळी, असा सारा संसार घोड्यांच्या पाठीवर चढतो. दोर आवळले म्हणजे ओझ्याच्या मधल्या खळग्यांत चालूं न शकणारीं मुलें बसवितात. त्यांच्याच शेजारीं रात्रीं जन्मलेलीं कोंकरें, कोंबड्या व कुत्रीचीं पिलें असतात. पुरुष मेंढरें चारीत रानानें जातात, आणि बायका घोडीं धरून सडकेनें जातात. एक जाणता माणूस आदल्या दिवशींच पुढें जाऊन शेत ठरवून आलेला असतो. मुक्काम दोन कोसांवर असो कीं चार कोसांवर, पायांनीं चालतां येऊं लागलेल्या मुलास तेवढें चालावें लागतें.

मुक्कामावर पोंचल्यावरही बायकांस विसांवा नसतो. पालें ठोकणें, पाणी आणणें, सरपण वेंचणें, दळण दळून आणणें, मागें राहिलेलें दुखणाईत मेंढरूं पाहणें, हीं कामें त्यांचींच. मुलांचीं कामें वयानुसार ठरलेलीं असतात. पांच वर्षांचें मूल तान्ह्या भावंडाची झोळी हालवितें. सात वर्षांचें कोंकरें राखतें. दहा वर्षांचा मुलगा बापाबरोबर कळपामागें जाऊं लागतो आणि त्याच वयाची मुलगी भाकरी भाजूं लागते. सायंकाळीं कळप परतला म्हणजे वाघर उघडतात. शेंकडों आया व शेंकडों कोंकरें एकाच वेळीं ओरडत एकमेकांस शोधतात. जें कोंकरूं चुकेल, किंवा ज्याला आई जवळ करणार नाहीं, त्याला नेमक्या मेंढीखालीं नेऊन लावणें हें काम मुलांचें. रात्रीं पुरुष कळपाभोंवतीं निजतात व कुत्रीं जागतात. माळावर लांडग्याची भीति असते आणि घाटाखालीं बिबट्याची.

गेल्या माघांत एका वाड्यावर आम्ही अशाच वेळीं बसलों होतों. नऊ-दहा वर्षांची एक मुलगी कोंकरें लावीत होती. आमच्या डोळ्यांस सारखींच काळीं दिसणारीं तीं कोंकरें ती एकेक उचलून ज्याच्या त्याच्या आईपाशीं नेई. एकही परत आणावें लागलें नाहीं. किती आहेत, असें विचारतां ती हातांतलें काम न थांबवितां म्हणाली, "चार इसा आन् सात." शाळेंत जातेस काय, असें विचारल्यावर म्हणाली, "गेलती, पयलीत. मंग वाडा हालला." आम्हीं काठीनें मातींत ८७ हा आंकडा काढून दाखविला. तिनें तो पाहिला, आणि आमच्याकडे पाहून हंसली. तो तिला वाचतां येत नव्हता. ज्या मुलीला सत्त्याऐंशी कोंकरांच्या आया पाठ आहेत, तिला सत्त्याऐंशी हा आंकडा ओळखतां येऊं नये, ही गोष्ट घरीं येईपर्यंत आमच्या मनांतून जाईना.

'वाडा हालला' या दोन शब्दांत सर्व कारण आलें आहे. आपल्याकडे शाळेचें पहिलें सत्र जूनच्या मध्यापासून दिवाळीपर्यंत चालतें, आणि दुसरें दिवाळीनंतर सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत जातें. मेंढपाळाचें मूल पहिल्या सत्रास गांवांत असतें. दुसऱ्या सत्रास तें कोठें तरी बांधावर असतें. म्हणजे वर्षानुवर्षें त्याला पुस्तकाचा पहिला अर्धा भाग भेटतो आणि दुसरा भेटत नाहीं. बेरीज येते, भागाकार राहतो. पुढच्या जूनमध्यें वर्गांतील इतर मुलें पुढें गेलेलीं असतात, मास्तरांस त्याच्याकरितां मागें येण्यास सवड नसते, आणि दोन-तीन वर्षांत तें मूल आपण होऊनच वर्गांत यावयाचें बंद होतें. ही गोष्ट नवी नाहीं. व्यंकटेश माडगूळकर यांची 'बनगरवाडी' ही १९५५ सालची कादंबरी आमच्या पुष्कळ वाचकांनीं वाचली असेल. माणदेशांतील एका धनगरवाडीवर आलेला तरुण मास्तर मोठ्या कष्टानें शाळा भरवितो, आणि शेवटीं दुष्काळ पडून वाडीच उठून जाते.

मुलांस घरीं ठेवून कां जात नाहींत, असा प्रश्न आपल्यापैकीं पुष्कळजण विचारतात. कांहीं ठेवितात. जेथें घरीं धडधाकट आजा-आजी आहेत, किंवा जवळ आश्रमशाळा आहे, तेथें एखाद-दुसरा मुलगा शिकत राहतो, आणि अशा मुलांतून मास्तर, शिपाई व पशुवैद्य झालेलेही आढळतात. परंतु तान्हें मूल आईबरोबरच जाणार. तें सांभाळण्यास मोठी बहीण लागणार. आणि कोंकरें राखण्यास एक हात कमी पडला तर गडी ठेवावा लागणार. म्हणून घरांतून शाळेसाठीं मुलगा मागें राहतो आणि वाड्याबरोबर मुलगी चालते. आपल्या घरीं कांदा-काढणीच्या दिवसांत मुलें शाळा बुडवितात, तेव्हां आपण जें कारण सांगतों, तेंच हें कारण आहे. भेद इतकाच कीं, त्यांची काढणी सात-आठ महिने चालते.

दुखण्याखुपण्याचेंही असेंच आहे. वाटेवर बाळंतपण झालें तर चार दिवस वाडा थांबतो. आठवडा थांबला तर फार झालें. बालकाच्या लसींचा क्रम ठरलेला असतो: जन्मतः क्षयाची लस, मग ६, १० व १४ आठवड्यांनीं पुढच्या मात्रा, ९ महिन्यांनीं गोवराची पहिली व दीड वर्षाच्या सुमारास दुसरी. स्थायिक घरीं आशाताई येऊन आठवण करून देतात. वाड्याची पहिली मात्रा एका तालुक्यांत होते, दुसरीच्या वेळीं तो दुसऱ्या तालुक्यांत असतो, आणि तेथील नोंदवहींत त्या मुलाचें नांव नसतें. मेंढरांना आंत्रविषाराची लस पावसाळ्याआधीं टोंचून घेण्याविषयीं हेच आईबाप अत्यंत दक्ष असतात, हें आम्हीं पाहिलें आहे. तेव्हां त्यांस लसीचें महत्त्व कळत नाहीं असें म्हणतां येत नाहीं. कळपाच्या डॉक्टराची वेळ त्यांस माहीत असते. अनोळखी गांवांत मुलांच्या लसीचा दिवस कोणता, हें त्यांस कोणी सांगत नाहीं.

यांत भर म्हणून वाट पूर्वीपेक्षां अरुंद झाली आहे. जेथें कालवा आला तेथें पडीक रान उरलें नाहीं. बाजरीच्या धसकटांच्या जागीं बारमाही ऊंस उभा राहिला. कोंकणांत भातानंतर ओलीवर वाल, पावटा करणारा शेतकरी मेंढरांस कुंपणाबाहेर ठेवतो, आणि त्याचेंही चुकत नाहीं. रुंद झालेल्या सडकांवर भरधांव गाड्या कळपांत शिरून मेंढरें व कधीं माणसेंही मरतात. लोकरीस तर भाव उरला नाहीं. कातरणीची मजुरी सुटेल इतकीही किंमत पुष्कळ ठिकाणीं येत नाहीं. कांहीं सोयीही झाल्या आहेत. मोबाइलमुळें पुढील शेत घरबसल्या ठरतें, आणि ज्यांस परवडतें ते लांबची मजल मालमोटारींतून मारितात. तथापि पाल ठोकणें, पाणी आणणें आणि मुलें चालविणें यांस अद्याप पर्याय निघालेला नाहीं.

आतां आपल्या हातीं काय आहे, तें पाहूं. प्रथम कायद्याची गोष्ट. मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ सालचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आहे. त्यान्वयें ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलास जवळच्या शाळेंत शिकण्याचा हक्क आहे. त्याच्या वयाला योग्य अशा वर्गांत त्याला घ्यावें लागतें. आणि जन्माचा दाखला नाहीं, पूर्वीच्या शाळेचा दाखला आला नाहीं किंवा वर्षाचे कांहीं महिने उलटले, या कारणांनीं त्याला परत पाठवितां येत नाहीं. त्याचप्रमाणें शिधापत्रिकेवरील धान्य आतां मूळ गांवाबाहेरील दुकानांतूनही घेतां येतें. मुलाच्या लसींचें कार्ड जवळ असलें तर पुढची मात्रा कोणत्याही सरकारी आरोग्य केंद्रांत मिळते. म्हणजे दरवाजे आहेत. परंतु दोन रात्रींच्या पाहुण्यास ते ठोठावण्यास सवड नसते व धीरही नसतो. गांवच्या मुख्याध्यापकांपाशीं किंवा अंगणवाडींत परका मेंढपाळ जाण्यास बिचकतो. तेथें आपला शब्द चालतो.

परंतु शब्दापेक्षांही अधिक मोलाची वस्तु आपल्यापाशीं आहे, ती म्हणजे मुक्कामाच्या रात्री. आज प्रत्येक शेतकरी स्वतंत्रपणें वाडा ठरवितो. म्हणून वाडा आज या शिवारांत, परवां त्या शिवारांत, असा फिरतो. समजा, एकाच शिवारांतील सहा शेतकऱ्यांनीं एकत्र बसून ठरविलें कीं, आपण प्रत्येकीं तीन रात्री एकाच वाड्यास द्यावयाच्या आणि त्या लागोपाठ द्यावयाच्या. मेंढरें रोज रात्रीं ज्याच्या त्याच्या शेतांत बसतील. पालें मात्र एका विहिरीपाशीं अठरा दिवस उभीं राहतील. त्या अठरा दिवसांत शाळेचे पंधरा दिवस सहज निघतात. हंगामांत असे पांच मुक्काम मिळाले, तर जें दुसरें सत्र आज अजिबात बुडतें, त्यांतील पंचाहत्तर दिवस त्या मुलाच्या पदरीं पडतील. पांच गांवीं पांच मास्तर होतील हें खरें. तरी आधीच्या मास्तरांनीं वहीच्या मागील पानावर 'येथपर्यंत झालें' एवढें लिहून सही केली, तर पुढच्या मास्तरांस सुरुवात कोठून करावी तें समजेल.

यांत मेंढपाळाचा तोटा नाहीं. रोज शेत शोधण्याची धडपड वांचते, बायकांचें ओझें चढविणें-उतरविणें वांचतें, घोड्यांच्या पाठींस विश्रांति मिळते. शेतकऱ्याचाही लाभ आहे. वाळलेल्या लेंडीखतांत नत्र सुमारें ३ टक्के, स्फुरद १ टक्का व पालाश २ टक्के धरतात. साध्या शेणखतांत नत्र अवघें अर्धा टक्का असतें. शिवाय मेंढरें शेतांतच बसल्यामुळें मूत्रही जमिनींत मुरतें, जें लेंड्या झाडून आणून टाकल्यानें मिळत नाहीं. मात्र मेंढरें उठल्यावर लगेच कुळवाची हलकी पाळी दिली पाहिजे, नाहीं तर उन्हानें बराच कस उडून जातो. वाडा अठरा दिवस गांवांत ठरलेला असला, म्हणजे कोणाच्या शेताची पाळी केव्हां हें आधीं कळतें, आणि त्याप्रमाणें बैल किंवा ट्रॅक्टर योजतां येतो.

ही योजना सर्वत्र साधेल असें आमचें म्हणणें नाहीं. चार-पांचशें मेंढरांस अठरा दिवस पुरेल इतकी धसकटें, पाला व पडीक रान ज्या शिवाराच्या आसपास आहे, तेथेंच ती चालेल. जेथें दहा दिवसच निघतील, तेथें दहा. तेही आजच्या दोहोंपेक्षां बरे. सोबत आणखी दोन-तीन लहान गोष्टी सांभाळाव्या. ज्या शेतांत किंवा बांधावर नुकतेंच औषध फवारलें असेल, तें वाड्यास आधीं स्पष्ट सांगावें. मेंढरें चरतात तेथेंच मुलें खेळतात. विहिरीवरील मोटार कोणत्या वेळीं चालते तें सांगावें, म्हणजे बायकांस कोसभर हंडे वाहावे लागत नाहींत. आणि सौदा ठरवितांना जसें मेंढरें किती हें विचारतों, तसें मुलें किती, लसीचें कार्ड आहे काय, व सहा वर्षांवरील कोण आहेत, हेंही विचारावें. या प्रश्नास पैसा पडत नाहीं. आणि बांधावर उभ्या असलेल्या माणसास त्यावरून कळतें कीं, या गांवीं आपलीं मुलेंही मोजलीं गेलीं.

आमच्या सभासदांनीं आपापल्या गांवीं येत्या सुगीपूर्वीं एकदां एकत्र बसून हा विचार करावा, अशी आमची विनंती आहे. आपल्या जमिनीचा कस राखण्याच्या कामीं हीं कुटुंबें पिढ्यान्‌पिढ्या हातभार लावीत आलीं आहेत, आणि त्याची मजुरी आपण रात्रीच्या हिशेबानें चुकती करीत आलों आहों. चार इसा आन् सात असें न अडखळतां सांगणाऱ्या मुलीला ८७ लिहावयास शिकण्यास फार दिवस लागणार नाहींत. तेवढे दिवस तिचा वाडा एका जागीं राहिला पाहिजे. आणि तो कोठें किती रात्री राहावा, हें दरवर्षीं बांधावर उभें राहून आपणच ठरवितों.